‘आई, आपण बसमध्ये कुठे बसलो असतो?’

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा सात वर्षांचा आहे, मुलीला पाच पूर्ण झाली. गेल्या वर्षापासून दोघांना घरीच शिकवते. गणित, विज्ञान, मराठी यांचं काही वाटत नाही, पण अमेरिकेच्या इतिहासापाशी गाडी अडते. माझं शिक्षण साताऱ्यात झालं. चौथीत वाचलेले शिवाजी महाराज आजही डोळ्यांपुढे उभे राहतात. इथल्या इतिहासातली मात्र मला वॉशिंग्टन, लिंकन आणि मार्टिन ल्यूथर किंग एवढीच नावं ठाऊक. एक जाडजूड पाठ्यपुस्तक आणलं, तर दोघंही कंटाळली. मग लायब्ररीतून गोष्टींची पुस्तकं आणायला लागले. त्यातली काही नुसती गोडगोड आहेत, आणि काही वाचताना माझाच आवाज बंद होतो. पाच वर्षांच्या मुलीला गुलामगिरीबद्दल काय सांगायचं? मैत्रीण म्हणते, ‘एवढ्यात कशाला? आणि आपला काय संबंध त्याच्याशी?’ परवा रोझा पार्क्सचं पुस्तक वाचत होतो. तेव्हा मॉन्टगोमेरी शहरात बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांच्या, काळ्यांनी मागे बसायचं; 1955 मध्ये या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार दिला. तर मुलाने विचारलं, ‘आई, तेव्हा आपण असतो तर बसमध्ये कुठे बसलो असतो?’ मला काही सांगता आलं नाही. सुरुवात कुठून करू? कोणती पुस्तकं घेऊ?

– एक आई, एडिसन

प्रिय मैत्रीण,

तुमच्या मुलाचा प्रश्न खूप मोलाचा आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. मे 1964 मध्ये राममनोहर लोहिया मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात होते. भारताच्या लोकसभेचे ते खासदार. तिथल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या एका उपाहारगृहाने त्यांना आत घेतलं नाही. ते जागचे हलले नाहीत, तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. म्हणजे आपण कुठे बसलो असतो, ते गाव कुठलं, आपला रंग किती सावळा आणि समोरच्याची मर्जी काय, यावर ठरलं असतं. आपल्या हातात काही नसतं. कायद्यातही तेच. भगतसिंग थिंड नावाचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ‘गोरे’ ठरत नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारलं. 1946 च्या कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली, पण येण्याची परवानगी वर्षाला 100 जणांना. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने.

आणि 1965 हे साल असंच आलेलं नाही. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा कायदा झाला, त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा. देशातल्या देशात वंश पाहून भेद करायचा नाही असं ठरल्यावर, बाहेरून येणाऱ्यांना वंश पाहून निवडणं टिकणारं नव्हतं. रोझा पार्क्सच्या अटकेनंतर मॉन्टगोमेरीत 381 दिवस बसवर बहिष्कार टाकून जी माणसं कामावर पायी गेली, त्यांचं ऋण तुमच्या एडिसनमधल्या घरावर आहे. मैत्रिणीला हे जरूर सांगा. मुलाला सांगताना एवढं पुरे: ‘नक्की सांगता येत नाही, बाळा. बहुतेक आपल्यालाही मागे जायला सांगितलं असतं. ज्यांनी तो नियम मोडून काढला, त्यांच्यामुळे आपण इथे येऊ शकलो.’

मराठी माणसाला हा संबंध नवा नाहीच. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतःला पणाला लावलं. पुण्यात बसून त्यांना तो लढा आपला वाटला. तुम्ही तर तिथेच राहता.

आता पुस्तकांकडे वळू.

पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलंत ते योग्य केलंत. चौथीतले महाराज तुम्हाला आठवतात, कारण ती एका मुलाची, त्याच्या आईची, सवंगड्यांची आणि गडांची गोष्ट होती. तारखा त्या गोष्टीला मागून चिकटल्या. सात वर्षांच्या मुलाला 1776 (स्वातंत्र्याचा जाहीरनामा) आणि 1861 (यादवी युद्धाची सुरुवात) यांतलं अंतर कळत नाही. त्याच्या लेखी आजीचं लहानपण आणि डायनासोर साधारण एकाच काळातले. म्हणून वसाहतींपासून आजपर्यंत क्रमाने सगळं ‘पूर्ण’ करायचा आग्रह सोडा. एक माणूस, एक प्रसंग, एक चांगलं पुस्तक. सात-आठ दिवस तेच पुरवून पुरवून वाचा. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची एक रीत घरी शिकवणाऱ्या पालकांत आजही चालते, आणि मला ती फार आवडते: वाचून झालं की प्रश्नोत्तरं नकोत, मुलाने ती गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगायची. तुम्ही इंग्रजीत वाचा आणि मुलांना मराठीत सांगायला लावा. इंग्रजीतली वाक्यं पाठ म्हणून चालतात. मराठीत सांगताना मात्र गोष्ट समजलेलीच असावी लागते. मराठीचा अभ्यासही त्यात आपोआप होतो.

पण गोष्ट मनात घट्ट बसते, तशी चुकीची गोष्टही घट्टच बसते. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि वडिलांपुढे कबुली दिली, ही कथा वीम्स नावाच्या पाद्रीबुवांनी वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, 1806 च्या आवृत्तीत घातली. तिला पुरावा काही नाही. दोनशे वर्षं मुलं ती खरी म्हणून ऐकत आली. म्हणून माझा एकच आग्रह आहे, बाकीचं सगळं तुमच्या सोयीने करा: कुठल्याही प्रसंगावरचं एकच पुस्तक वाचून थांबू नका. त्याच प्रसंगाचं दुसरं, दुसऱ्या बाजूने सांगितलेलं पुस्तक शेजारी ठेवा. पाच वर्षांच्या मुलीलाही ‘या पुस्तकात ही बाई रडते, त्या पुस्तकात ती भांडते, असं का?’ हे दिसतं. इतिहास शिकण्याची खरी सुरुवात तिथे होते.

तुमच्या घरासाठी मी पहिलं पुस्तक सुचवेन ते रॉबर्ट कोल्स यांचं ‘द स्टोरी ऑफ रूबी ब्रिजेस’. कारण साधं आहे, रूबी ही कृष्णवर्णीय मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, तुमच्या दोन मुलांच्या मधली. 14 नोव्हेंबर 1960 रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या विल्यम फ्रान्ट्झ शाळेत ती केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. बाहेर मोठी माणसं तिच्यावर ओरडत होती. गोऱ्या पालकांनी मुलं काढून नेली. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री नावाच्या शिक्षिकेने रिकाम्या वर्गात वर्षभर एकट्या रूबीला शिकवलं. पुस्तकात सगळं आहे आणि तरी ते लहान मुलाला पेलवतं, कारण मधोमध एक मुलगी आहे आणि तिच्या शेजारी बसलेल्या बाई आहेत. या पुस्तकाचे लेखक मानसोपचारतज्ज्ञ, त्या काळात रूबीला नियमित भेटणारे. पण पुढे रूबीने स्वतःही लिहिलं: ‘थ्रू माय आईज’, 1999 साली, त्या काळच्या छायाचित्रांसह. ते मोठ्या मुलांसाठी आहे, म्हणून आधी तुम्ही एकट्याने वाचा आणि त्यातली निवडक पानं मुलाला दाखवा. डॉक्टरांनी पाहिलेली रूबी आणि रूबीला आठवणारी रूबी, या दोघी शेजारी ठेवल्या की मुलाला कळतं की गोष्ट कोण सांगतंय याने फरक पडतो. आणखी एक गोष्ट सहसा निसटते: त्याच दिवशी, त्याच शहरात, दुसऱ्या एका शाळेत आणखी तीन कृष्णवर्णीय मुली पहिलीत गेल्या होत्या. रूबी एकटी नव्हती. आणि ती आज हयात आहे हे मुलांना आवर्जून सांगा. त्यांना वाटतं हे सगळं राजा-राणीच्या काळात झालं.

गुलामगिरीचं विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: पाच वर्षांच्या मुलीला सांगावं. खरं सांगावं, थोडं सांगावं, आणि ज्यात गुलाम माणूस स्वतः काही करतो अशा गोष्टीतून सांगावं. एलन लेव्हाइन यांचं ‘हेन्रीज फ्रीडम बॉक्स’ घ्या, त्यातली चित्रं कदीर नेल्सन यांची आहेत. हेन्री ब्राउन हा व्हर्जिनियातल्या रिचमंडचा खराखुरा माणूस. त्याची बायको आणि मुलं विकली गेली. मग 1849 मध्ये त्याने स्वतःला एका लाकडी खोक्यात बंद करून घेतलं आणि फिलाडेल्फियातल्या गुलामगिरीविरोधी लोकांकडे पार्सल म्हणून पाठवून दिलं. खोक्यावर ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं असूनही वाटेत त्याला उलटं ठेवलं गेलं. एका दिवसाहून जास्त वेळ तो आत होता, आणि जिवंत पोचला.

पुस्तक सुरू होतं ते हेन्रीला आपलं वय नक्की माहीत नाही, इथून. गुलामांना त्यांचा वाढदिवस कळूच दिला जात नसे. वाढदिवसाला किती दिवस उरले ते रोज मोजणाऱ्या मुलीला गुलामगिरी म्हणजे काय ते या एका गोष्टीत समजतं. तुम्हाला वेगळी व्याख्या करावी लागणार नाही. बायको-मुलांना विकल्याचं पान आलं की मुलगी रडेल कदाचित. रडू द्या, जवळ घ्या, आणि पुस्तक तिथेच मिटू नका. त्याच बैठकीत हेन्री फिलाडेल्फियात खोक्यातून बाहेर येतो तिथपर्यंत जा. अर्ध्यावर थांबलं तर भीती तेवढी उरते. तुमचा आवाज बंद झाला तर तोही होऊ द्या. आईला वाईट वाटतंय हे मुलांनी पाहिलं तर बिघडत काही नाही. चाबकाचे फटके, झाडाला टांगलेली माणसं, हे मात्र आत्ता नको. त्याला बारा-तेराव्या वर्षापर्यंत थांबता येतं.

आणि एक गोष्ट चुकूनही करू नका: खेळ म्हणून एकाला मालक, एकाला गुलाम करायला लावणं. ‘अनुभवातून शिकणं’ या नावाखाली असे प्रकार शाळांतही घडतात. त्यातून मुलाला समज येत नाही. एक तर मजा वाटते, नाही तर अपमान.

गोडगोड पुस्तकांची तुमची शंका अगदी बरोबर आहे. 2016 च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवर एक चित्रपुस्तक निघालं. त्यात वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसतमुखाने केक करताना दाखवले होते. इतकी टीका झाली की प्रकाशकाने काही दिवसांतच ते बाजारातून मागे घेतलं. खरा हर्क्युलिस नामांकित आचारी होता, यात वाद नाही. पण 22 फेब्रुवारी 1797 रोजी तो वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यातून पळून गेला. त्या दिवशी वॉशिंग्टनला 65 वर्षं पूर्ण झाली होती. ही गोष्ट किती जबरदस्त आहे बघा, आणि पुस्तकाने नेमकी तीच गोष्टीबाहेर ठेवली.

तेव्हा लायब्ररीत पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटची पानं उघडा. चांगल्या लेखकाने तिथे टिपण दिलेलं असतं: कुठली कागदपत्रं पाहिली, कुठलं संभाषण कल्पनेतलं, काय वगळलं. टिपणच नसेल तर जरा सावध व्हा. मग मधली पानं चाळून बघा की नाव कोणाकोणाला आहे. गोऱ्या माणसांना नावं आणि बाकीचे नुसते ‘गुलाम’ किंवा ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेचे मूळनिवासी) असतील, तर ते पुस्तक एकटंच वाचण्यासारखं नाही; सोबत दुसरं हवंच. प्रकाशनाचं सालही पाहा. जुनं म्हणजे वाईट असं मुळीच नाही, पण 1940 च्या पुस्तकाला 1940 चे डोळे असतात, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

माळरानावर नव्याने वस्ती करणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाच्या गोष्टींच्या ‘लिटल हाउस’ मालिकेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला ती भेट देणार हे नक्की, म्हणून सांगते. लॉरा इंगल्स वाइल्डर फार सुरेख लिहितात. लोणी कसं काढायचं, मेपलच्या रसाची साखर कशी करायची, हे त्यांच्या पहिल्या पुस्तकात वाचताना मुलं खाणंपिणं विसरतात. पण ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे 1935 चं पुस्तक ज्या कॅन्ससच्या माळरानावर घडतं, ती ओसेज या मूळनिवासी लोकांची जमीन होती आणि इंगल्स कुटुंब तिथे परवानगीशिवाय घर बांधून राहिलं होतं. मूळ आवृत्तीत त्या मुलखात ‘माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत’ अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकाच्या तक्रारीनंतर 1953 मध्ये ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतकरी’ असा बदल झाला. ग्रंथपालांच्या राष्ट्रीय संघटनेने लॉराबाईंच्या नावाचा पुरस्कार होता, त्याचं नाव 2018 मध्ये बदललं. माझं म्हणणं, पुस्तक टाकून देऊ नका, पण आत्ता नको. मुलगा नऊ-दहाचा झाला की वाचा आणि त्याच महिन्यात लुईज अर्ड्रिक यांचं ‘द बर्चबार्क हाउस’ वाचा. अर्ड्रिक स्वतः ओजिब्वे या मूळनिवासी वंशाच्या. त्यांची ओमाकायास ही मुलगी 1847 साली लेक सुपीरियरमधल्या एका बेटावर राहते. तिथेही साखर होते, कातडी कमावली जातात, धाकट्या भावाचा राग येतो. मग देवीची साथ येते. ही दोन घरं एकापाठोपाठ वाचली की मुलाला कोणी भाषण द्यायची गरज पडत नाही. रिकामं रान रिकामं नव्हतं, हे तो स्वतःच म्हणतो.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाला मात्र थांबायचं कारण नाही, ते यंदाच करा, कारण तो सण तुमच्या मुलांच्या आजूबाजूला असतोच. इंग्लंडहून आलेल्या ‘पिल्ग्रिम’ वसाहतकऱ्यांच्या 1621 च्या ज्या सुगीच्या मेजवानीशी हा सण जोडतात, तिच्याबद्दल त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोचं पत्र उपलब्ध आहे. तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआगांचे प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 माणसं घेऊन आले, तीन दिवस राहिले, पाच हरणं मारून आणली. इंग्रज तेव्हा जेमतेम पन्नास उरले होते. म्हणजे पाहुणेच संख्येने जास्त, आणि तेच त्या भूमीचे यजमान! ज्या टिस्क्वांटम नावाच्या मूळनिवासी माणसाने इंग्रजांना मका लावायला शिकवलं, त्याला 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो कसाबसा परतला, तेव्हा त्याचं पटक्सेट गाव रोगाने ओस पडलं होतं. लहान मुलांसाठी ‘कीपुनुमक’ हे 2022 चं चित्रपुस्तक आहे. मूळनिवासी लेखक-चित्रकारांनी केलेलं, आणि गोष्ट सांगितली आहे मक्याच्या बाजूने. पाच वर्षांच्या मुलीला हे अगदी पटतं. मका बोलतो यात तिला काही विशेष वाटत नाही. शेजारी नेहमीचं पिल्ग्रिमवालं पुस्तक ठेवा. मग जेवणाच्या टेबलावर काय बोलायचं ते मुलंच ठरवतील.

मुलाला हसवणारं काही हवं असेल तर जीन फ्रिट्झ यांची पुस्तकं आहेत. ‘अँड देन व्हॉट हॅपन्ड, पॉल रिव्हिअर?’ पासून सुरुवात करा. 18 एप्रिल 1775 च्या रात्री इंग्रज सैन्य येतंय ही खबर घेऊन घोड्यावर निघालेला बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर म्हणजे पॉल रिव्हिअर. लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या कवितेने त्याला एकट्यालाच नायक केलं आणि थेट कॉन्कर्ड गावापर्यंत पोचवलं. प्रत्यक्षात विल्यम डॉज आणि सॅम्युएल प्रेस्कॉट हेही त्या रात्री घोड्यावर होते, रिव्हिअर वाटेत इंग्रजांच्या हाती सापडला, आणि कॉन्कर्डला पोचला तो प्रेस्कॉट. कविता आणि पुस्तक दोन्ही वाचा. फ्रिट्झबाईंचा कटाक्ष असा की आधार नसलेलं संभाषण त्या कोणाच्या तोंडी घालत नसत. या बाईंबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यांचा जन्म 1915 चा, चीनमधल्या हँकाउचा. आईवडील मिशनरी. न पाहिलेल्या अमेरिकेबद्दल त्या लहानपणभर दुरून विचार करत राहिल्या, तिथल्या ब्रिटिश शाळेत इंग्लंडच्या राजाचं गीत म्हणायला नकार दिला, आणि पुढे त्याच ओढीतून आयुष्यभर अमेरिकेचा इतिहास लिहीत राहिल्या. तुम्ही साताऱ्याहून आलात, इथलं काही शिकला नाहीत, याचं ओझं वाटून घेऊ नका. तुम्ही मुलांबरोबर पहिल्यांदाच वाचताय, त्यामुळे तुम्हाला पडणारे प्रश्नही खरे असतात. इथे शाळा शिकलेल्या आईला चेरीच्या झाडाबद्दल शंका यायला जास्त वेळ लागेल.

रेल्वेचं वेड असेल (सात वर्षांच्या मुलाला ते असतंच) तर ब्रायन फ्लोका यांचं ‘लोकोमोटिव्ह’ आणा. इंजिनात कोळसा-पाणी कसं जातं, मार्गावर कोण काय काम करतं, सगळं चित्रांत आहे. 10 मे 1869 रोजी यूटामध्ये पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. पश्चिमेकडून डोंगर फोडत आलेल्या मार्गावर हजारो चिनी मजूर राबले आणि 1882 मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घालणारा कायदा झाला. मुलगा हा धागा थिंड यांच्या गोष्टीशी आपणहून जोडेल. दोन वर्षांनी जोडेल कदाचित, पण जोडेल.

रोझा पार्क्सचं पुस्तक घरात आलेलंच आहे, ते पुन्हा काढा. त्यात त्या ‘थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई’ आहेत का? तसं असेल तर दुसरं शोधा. त्या कित्येक वर्षं नागरी हक्कांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या, अटकेच्या आधीच्याच उन्हाळ्यात कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांनीच नंतर लिहिलं की अंग थकलं नव्हतं, सारखं मान तुकवून थकले होते. आणि त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च 1955 मध्ये, त्याच शहरात क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने जागा सोडायला नकार दिला होता. मुलांना हे कळायला हवं की चळवळ कोणा एकाच्या पाय दुखण्यातून उभी राहत नाही, तिच्यासाठी माणसं आधीपासून तयारी करत असतात.

तारखांचं काय, असं तुमच्या मनात येईलच. जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक लांब कागदी पट्टी लावा. प्रत्येक पुस्तक झालं की मुलांनी चित्र काढून त्या त्या सालापाशी चिकटवायचं. पुस्तकं कुठल्याही क्रमाने वाचा, पट्टीवर ती आपोआप क्रमाने लागतात. आणि त्याच पट्टीवर आपली माणसंही येऊ द्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं होतं, दक्षिणेचा सेनापती जनरल ली याची शरणागती नऊ दिवसांवर होती, तेव्हा 31 मार्च 1865 ला आनंदीबाई जोशी जन्मल्या. 1883 मध्ये त्या अमेरिकेत आल्या आणि आधी राहिल्या कुठे? तुमच्या न्यू जर्सीतल्या रोझेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं अनावरण झालं. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आहेत. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. रमाबाईंनी परत आल्यावर 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. ते तुमच्यासाठी आहे, मुलं झोपल्यावर वाचा. एका मराठी बाईने त्या देशाकडे डोळसपणे पाहून, जे आवडलं त्याचं भरभरून कौतुक करत लिहिलेलं पुस्तक तुम्हाला मोठा आधार देईल. पुढे 1913 च्या जागी बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठ येईल.

तुम्ही राहता तो भागही फार सोयीचा. स्वातंत्र्ययुद्धात 1776 च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडली आणि सकाळी ट्रेंटनमधल्या शत्रूवर हल्ला केला. ती जागा घरापासून जवळ आहे. तिथे जा आणि मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लॉइट्झे यांचं त्यावरचं भलंथोरलं चित्र पाहा. ते 1851 चं, जर्मनीत रंगवलेलं. त्यातला ताऱ्यांचा झेंडा 1777 मध्ये ठरला, म्हणजे त्या रात्री तो असणं शक्य नाही. ही चूक मुलाला स्वतः शोधू द्या, तो वर्षभर सगळ्यांना सांगत फिरेल. होडीत वल्हवणारा कृष्णवर्णीय माणूसही त्याला दाखवा. गुलामगिरी म्हणजे फक्त दक्षिणेची गोष्ट असं मुलांना वाटू देऊ नका. न्यू जर्सीने 1804 मध्ये ती हळूहळू संपवायचा कायदा केला खरा, पण उत्तरेकडच्या राज्यांत ती सगळ्यांत शेवटी संपली ती न्यू जर्सीतच.

पुस्तकं विकत घेत बसू नका. मुलांच्या विभागातल्या ग्रंथपालांना थेट सांगा की पाच आणि सात वर्षांची मुलं आहेत, अमुक प्रसंगावर दोन वेगवेगळ्या बाजूंची पुस्तकं हवीत. त्यांना असं विचारलेलं आवडतं. तुमच्या शाखेत नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात. आधी रूबी आणि हेन्री यांची नावं नोंदवा. थँक्सगिव्हिंगची पुस्तकं मात्र ऑक्टोबर लागताच राखून ठेवा, नोव्हेंबरात ती शेल्फवर सापडत नाहीत.

तुमची,
ताई